मोजलेली भूमी आणि पूजिलेली भूमी



इ.स. १७८२ मध्ये लंडन येथे हिंदुस्थानचा एक मोठा नकाशा प्रसिद्ध झाला. तो सिद्ध करणारा मेजर जेम्स रेनेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीच्या पदरात पडली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी रेनेलची बंगालचा पहिला सर्व्हेअर जनरल म्हणून नेमणूक झाली. जमिनीचा सारा गोळा करावयाचा तर आधी जमीन मोजली पाहिजे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. रेनेल कष्टाळू आणि बुद्धिमान होता, यात शंका नाही. त्याच्या नकाशात नद्यांचे प्रवाह, शहरांची स्थाने आणि मार्ग त्या काळाच्या मानाने मोठ्या काळजीने दाखविलेले आहेत. परंतु या नकाशाच्या एका कोपऱ्यात एक शोभाचित्र आहे. नकाशाचा अभ्यास करणाऱ्याची दृष्टी प्रथम तिकडे वळावयास हवी.

या चित्रात ब्रिटानिया, म्हणजे इंग्लंडची प्रतीकदेवता, उभी आहे. तिच्यापुढे नम्रपणे आलेले पंडित आपले पवित्र ग्रंथ तिच्या स्वाधीन करीत आहेत. तिचा भाला कापडाच्या गठ्ठ्यावर टेकलेला आहे आणि भोवती अफूच्या बोंडांची माळ आहे. कापड आणि अफू! कंपनीच्या व्यापाराचे दोन आधारस्तंभ शोभेसाठी का होईना, चित्रकाराने प्रामाणिकपणे रेखाटून ठेवले. रेनेलने स्वतः या चित्राचा अर्थ सांगितला आहे. हिंदूंचे धर्मग्रंथ ब्रिटानिया आपल्या संरक्षणाखाली घेत आहे, असा तो अर्थ.

ज्या वर्षी हे चित्र छापले गेले, त्या वर्षी प्रत्यक्षात काय घडत होते? १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांची फौज मराठ्यांच्या वेढ्यात सापडून शरण आली होती. त्यानंतर आणखी तीन वर्षे युद्ध रेंगाळले आणि १७८२ च्या मे महिन्यात महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई त्यांना परत करावी लागली. म्हणजे, हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ सत्तेशी बरोबरीच्या नात्याने तह करण्याची पाळी ज्यांच्यावर आली होती, त्यांनीच त्याच वर्षी संपूर्ण हिंदुस्थान आपल्या पायांशी आलेला कागदावर दाखविला. प्रत्यक्षात राज्य मिळण्यास अद्याप छत्तीस वर्षांचा अवधी होता. कागदावर ते आधीच मिळालेले होते.

याच सुमारास या देशात आणखी एक नकाशा आखला जात होता. तो कागदावर नव्हता. महेश्वरी बसलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर काशी, गया, सोमनाथपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी करीत होत्या. काशी विश्वनाथाच्या मंदिराची पुनर्बांधणी १७८० ची, रेनेलच्या नकाशापूर्वी दोन वर्षांची. यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. त्यांतून एक पैसा महसूल यावयाचा नव्हता. मग हा खर्च कोणत्या भूगोलाच्या आधारे झाला? गंगेचे पाणी कावडीत भरून रामेश्वरावर घालणाऱ्या यात्रेकरूच्या मनात जो भूगोल होता, त्याच्या आधारे. हिमालयाच्या दक्षिणेस आणि समुद्राच्या उत्तरेस जो देश आहे तो भारत, ही व्याख्या विष्णुपुराणाने कधीच करून ठेवली होती. महेश्वरच्या राणीला ती शिकविण्यासाठी कोणा सर्व्हेअर जनरलची आवश्यकता नव्हती.

हिंदूंना भूगोलच नव्हता, हे मत एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. १८३५ च्या आपल्या कुप्रसिद्ध टिपणात मेकॉलेने काकवीच्या आणि लोण्याच्या समुद्रांची यथेच्छ टिंगल केली आहे. पुराणांतील सप्तद्वीपे आणि सप्तसमुद्र यांच्या वर्णनाकडे त्याचा रोख होता. मेरुपर्वत ही ज्याची कर्णिका आणि भारतवर्ष हे ज्याचे दक्षिणेकडील दल, असे पृथ्वीचे कमळ पुराणकारांनी कल्पिले. ते जहाज हाकण्यासाठी नव्हते. मनुष्याचे विश्वातील स्थान सांगण्यासाठी होते. पृथ्वी गोल आहे हे येथील ज्योतिषी सिद्धान्तग्रंथांतून शतकानुशतके शिकवीत होते. ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहास संग्रहालयात क्षेमकर्ण नावाच्या कारागिराने १५७१ मध्ये घडविलेला एक पितळी भूगोल आहे. हा गोल दोन अर्धांचा असून डब्याप्रमाणे उघडतो आणि त्याच्या पृष्ठभागावर पौराणिक द्वीपे-समुद्र कोरलेले आहेत. पुराणातील पृथ्वी आणि ज्योतिषातील पृथ्वी यांचा मेळ एका भारतीय कारागिराने मेकॉलेच्या आधी अडीचशेहून अधिक वर्षे घातला होता. दुर्दैवाने तो पाहावयास आज ऑक्सफर्डला जावे लागते.

आणि रेनेलला तरी सर्व माहिती गोऱ्या अधिकाऱ्यांकडूनच मिळाली काय? तसे नाही. गुजराथच्या प्रदेशासाठी त्याने सदानंद नावाच्या एका ब्राह्मणाने तयार केलेल्या नकाशाचा उपयोग केला आणि या सदानंदाची बुद्धी व ज्ञान असामान्य होते, असे आपल्या स्मरणिकेत नमूद केले. रेनेलचा हा प्रांजळपणा उल्लेखनीय आहे. परंतु सदानंदाचे नाव पुस्तकात राहिले. नकाशाच्या कोपऱ्यात दिसतात ते हात जोडलेले, निनावी पंडित.

पुढे हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, म्हैसूरचे राज्य इंग्रजांच्या हाती आले आणि १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्टनने आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. तोफांच्या पाठोपाठ साखळी आणि थिओडोलाइट, असा हा क्रम होता. या सर्वेक्षणात हजारो भारतीयांनी ओझी वाहिली, मनोरे बांधले, रानावनात तापाने प्राण सोडले. त्यांची नावे कोणत्याही शिखराला नाहीत. जी दोन नावे टिकली त्यांची हकीकत बोलकी आहे.

कलकत्त्याचे राधानाथ सिकदार १८३१ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, सर्वेक्षण खात्यात गणक म्हणून लागले. पुढे ते मुख्य गणक झाले. 'पंधरावे शिखर' एवढ्याच नावाने नोंदलेले हिमालयातील शिखर जगात सर्वोच्च आहे, हे त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या गणितातून १८५२ च्या सुमारास स्पष्ट झाले. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि त्याच वेळी सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ याने आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव शिखराला देण्याची सूचना केली. स्थानिक नाव सापडत नाही, हे कारण त्याने दिले. तिबेटी लोक त्या पर्वताला चोमोलुंग्मा म्हणत होते. गंमत अशी की, स्वतः एव्हरेस्ट यांनाच ही कल्पना रुचली नव्हती. आपले नाव हिंदुस्थानी माणसाला नीट लिहिता-उच्चारता येणार नाही, अशी शंका त्यांनी बोलून दाखविली होती. तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते नाव कायम केले. सिकदारांनी सर्वेक्षणाच्या ज्या अधिकृत ग्रंथासाठी महत्त्वाचे लेखन केले होते, त्याच्या १८५१ च्या आवृत्तीत त्यांचे ऋण मान्य केलेले होते. १८७० मध्ये ते वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून हा ऋणनिर्देश गाळण्यात आला. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्रानेच त्यावर टीकेची झोड उठविली. सर्वच इंग्रज एका माळेचे मणी नव्हते, हेही यावरून ध्यानात येते.

दुसरे नाव कुमाऊंमधील जोहार खोऱ्यातील नैनसिंह रावत यांचे. १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेषात ते ल्हासापर्यंत चालत गेले. जपमाळेत १०८ मण्यांऐवजी १०० मणी होते. ठरावीक पावले झाली की एक मणी ओढावयाचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी टिपणांच्या कागदांच्या सुरळ्या होत्या. जप करणारा यात्रेकरू वस्तुतः साम्राज्यासाठी भूमी मोजीत होता! या एका प्रतिमेत वसाहतकाळातील भारतीय बुद्धिमंतांची सारी शोकांतिका सामावलेली आहे. धैर्य आपले, पाय आपले, माळसुद्धा आपली. मात्र तयार होणारा नकाशा दुसऱ्याचा. १८७७ मध्ये त्यांना लंडनच्या त्याच सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने सिकदार आणि नैनसिंह यांची तिकिटे काढली ती २००४ साली.

मग प्रश्न असा उभा राहतो की, अशा नकाशांचे करावयाचे काय? ते फाडून फेकता येत नाहीत. त्यांतील अंतरे खरी आहेत, नद्या खऱ्या आहेत, किनारा खरा आहे. खोटी आहे ती त्यांमागची दृष्टी. जगातील अनेक समाजांपुढे हा प्रश्न आला आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले. १९४३ मध्ये उरुग्वेचे चित्रकार होआकीन तोर्रेस-गार्सिया यांनी दक्षिण अमेरिकेचा नकाशा उलटा काढला. दक्षिण टोक वर, विषुववृत्त खाली. रेषा त्याच, पण पाहणाऱ्याचे डोके मात्र फिरते, कारण उत्तर दिशा वर असावी हा निसर्गाचा नियम नसून एक सवय आहे, हे त्याच्या ध्यानात येते. बाराव्या शतकातील अल-इद्रिसीच्या नकाशातही दक्षिण वरच होती. मर्केटरचा १५६९ चा जगाचा नकाशा दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठी होता. त्यात मुळात कोणताही कट नव्हता. पण तोच शाळेच्या भिंतीवर टांगला गेला आणि आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढे ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे दिसू लागले. भारत ग्रीनलंडच्या सुमारे दीडपट आहे, हे आजही पुष्कळ सुशिक्षितांना सांगून पटत नाही. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने या नकाशाऐवजी क्षेत्रफळाचे खरे प्रमाण दाखविणारा नकाशा वापरावा, या मोहिमेस पाठिंबा दिला.

आपल्याकडे बडोद्याचे चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांनी जर्मनीतील एब्स्टॉर्फ येथील तेराव्या शतकातील जगाच्या नकाशावर आधारलेली एक चित्रमाला केली आहे. मूळ नकाशा १९४३ च्या बाँबवर्षावात नष्ट झाला. शेख यांच्या वैचारिक भूमिकेशी अनेकांचे पटणार नाही, परंतु त्या ख्रिस्ती नकाशाच्या चौकटीत सुवर्णमृगामागे धावणारा राम आणि कबीर आणून बसविण्याची त्यांची कल्पना विचार करावयास लावणारी आहे. त्या मूळ नकाशात पृथ्वीच्या गोलाबाहेर ख्रिस्ताचे मस्तक, हात आणि पाय दिसत असत. म्हणजे भूमीला देवतेचे शरीर मानणे हे पौर्वात्य भाबडेपण आहे, असे म्हणणाऱ्या युरोपनेही एके काळी तेच केले होते.

भारताचे उत्तर मात्र या सर्वांहून वेगळे होते, आणि ते कोणा एका चित्रकाराचे नव्हते. श्री अरविंद बडोद्याच्या महाविद्यालयात शिकवीत असताना राष्ट्रभक्ती कशी जागवावी, असे कन्हैयालाल मुनशी यांनी त्यांना विचारले. अरविंदांनी भिंतीवरील हिंदुस्थानच्या नकाशाकडे बोट दाखविले आणि त्यात भारतमातेचे दर्शन घेण्यास सांगितले, असे मुनशींनी लिहून ठेवले आहे. भिंतीवरचा नकाशा अर्थातच सरकारी छापाचा होता. पण पाहणारा बदलला, आणि त्याबरोबर नकाशाही. १९०५ मध्ये अवनींद्रनाथांनी भारतमातेचे चित्र काढले तेव्हा तिच्या चार हातांत पोथी, धान्य, वस्त्र आणि माळ होती, नकाशा नव्हता. पुढच्या काही वर्षांत ती नकाशात येऊन उभी राहिली. १९०९ मध्ये पाँडिचेरीहून निघणाऱ्या सुब्रह्मण्य भारतींच्या 'विजया' पत्राच्या मुखपृष्ठावर ती तशी आहे. नंतर घरोघरच्या दिनदर्शिकांवर ती आली. तिचा पदर किनाऱ्याच्या रेषेवरून वाहू लागला आणि केशसंभार हिमालयात मिसळला. रेनेलच्या नकाशात एक स्त्री भूमीच्या बाहेर उभी राहून ती स्वीकारीत होती. या नकाशात स्त्री हीच भूमी झाली. हा बदल करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रेनेलचे नावही ऐकलेले नसेल. तथापि, इतके नेमके प्रत्युत्तर विद्वानांच्या ग्रंथांनाही साधले नसते.

या परंपरेचा कळस काशीत आहे आणि त्याचे बीज पुण्यात. बाबू शिवप्रसाद गुप्त हे काशीचे धनिक, 'आज' या दैनिकाचे आणि काशी विद्यापीठाचे संस्थापक. याच 'आज'ची धुरा पुढे बाबूराव विष्णु पराडकर या काशीस्थित मराठी संपादकाने वाहिली. १९१३ च्या कराची काँग्रेसहून परतताना गुप्तजी मुंबईमार्गे पुण्यास आले आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा विधवाश्रम पाहण्यास गेले. तेथे जमिनीवर मातीने केलेला हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा त्यांनी पाहिला. पर्वत उंच, नद्या खोल. पुढच्या वर्षी जगप्रवासात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही त्यांनी असे नकाशे पाहिले. परंतु संकल्प मनात रुजला तो हिंगण्यात, ज्या मुलींना समाजाने घराबाहेर काढले होते त्यांच्या अंगणात. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मराठी मुलांना मातीचा डोंगर उभा करणे नवे नाही. येथे त्याच मातीचा अख्खा देश झाला होता.

काशीस परतल्यावर गुप्तजींनी शिल्पी दुर्गाप्रसाद यांच्याकडे काम सोपविले. मकराण्याचा संगमरवर आणला गेला. १९१८ ते १९२४ अशी सुमारे सहा वर्षे कारागीर छिन्नी चालवीत होते. सुमारे ३१ फूट लांब आणि ३० फूट रुंद असा हा नकाशा सपाट भूमीवर पसरलेला आहे. उंचीसाठी दोन हजार फुटांना एक इंच हे प्रमाण. त्यामुळे जगातील सर्वोच्च शिखर तेथे साडेचौदा इंचांच्या आसपास भरते. सिंहलद्वीप आहे, ब्रह्मदेश आहे, पश्चिमेस अफगाणिस्तानचा प्रदेशही आहे. इंग्रजी शालेय नकाशात ब्रिटिश प्रांत तांबडे आणि संस्थाने पिवळी असत. संगमरवराला तो भेद ठाऊक नाही. मंदिरात मूर्ती नाही. गाभाऱ्यात जे आहे ते एवढेच. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या लोकांना, हरिजनांनाही, हे मंदिर खुले राहील अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. काशीतील त्या वेळच्या इतर मंदिरांची दारे कोणास बंद होती, हे आठवले म्हणजे या अपेक्षेचे मोल कळते. भूमीला माता म्हटल्यावर तिच्या लेकरांत स्पृश्य-अस्पृश्य कसे करावयाचे, हा प्रश्न त्या संगमरवराने हिंदू समाजालाही विचारला होता.

हे उंचीचे आणि अंतराचे आकडे आले कोठून? ते सरकारी सर्वेक्षणातूनच आले. दुसरा स्रोतच नव्हता. येथे एक आक्षेप घेतला जातो. विद्यापीठीय विद्वानांपैकी काही जण म्हणतात की, भारतमातेची आकृतीच मुळी इंग्रजांच्या नकाशातून जन्मली, तेव्हा हे राष्ट्रही त्यांचीच देणगी. सुमती रामस्वामी यांनी या विषयावर २०१० मध्ये एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सर्व निष्कर्ष स्वीकारण्याचे कारण नाही. पण त्यांनी जमविलेली चित्रे आणि कागदपत्रे राष्ट्रवादी कार्यकर्त्यांनी वाचली पाहिजेत. ती आपण जमवावयास हवी होती, जमविली नाहीत. आक्षेपाचे उत्तर देताना खोटा अभिमान उपयोगी नाही. किनाऱ्याची काटेकोर रेषा सर्वेक्षणाने दिली, हे मान्य करण्यात कमीपणा कसला? रेषा देणारा आणि रेषेत प्राण पाहणारा हे दोघे वेगळे. अहिल्यादेवींजवळ रेषा नव्हती, देश होता. रेनेलजवळ रेषा होती. दुर्गाप्रसादांच्या हाती प्रथमच दोन्ही एकत्र आली.

नकाशा पुन्हा रचण्याची जबाबदारीही मोठी असते. २०२३ मध्ये नव्या संसद भवनात तक्षशिला, पुरुषपूर अशी प्राचीन स्थाने दाखविणारे भित्तिचित्र लावले गेले, तेव्हा नेपाळमधील काही नेत्यांनी आक्षेप घेतला. ते अशोकाच्या साम्राज्याचे चित्र आहे, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला. आपल्या दृष्टीने जो सांस्कृतिक स्नेहाचा नकाशा, तो शेजाऱ्याला सत्तेचा नकाशा वाटू शकतो. रेनेलच्या कोपऱ्यातील ते चित्र ज्याला सलत असेल, त्याला नेपाळी माणसाची ही शंका समजण्यास कठीण जाऊ नये. तिचे निरसन संवादाने करावे लागेल, घोषणेने नव्हे. त्याचप्रमाणे प्राचीन काळी आपल्याकडे सर्व जगाचे अचूक नकाशे होते, असे पुराव्याविना सांगत सुटणे हे क्षेमकर्ण आणि सदानंद यांचा अवमान करण्यासारखेच आहे. त्यांनी जे प्रत्यक्ष केले ते पुरेसे मोठे आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून आणि जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून मोडी अक्षरांतील कितीतरी कागद अद्याप कोणी उलगडण्याची वाट पाहत आहेत. मोडी वाचणारे तरुण मात्र बोटांवर मोजण्याइतके.

शाळांतून आज नकाशा पडद्यावर दिसतो, बोटांनी मोठा-लहान होतो आणि दिशा यंत्रच सांगते. सोय मोठी आहे. परंतु सह्याद्री हाताने लिंपल्यावर कोकणात पाऊस का पडतो आणि माणदेश कोरडा का राहतो, हे ज्या मुलाला मातीत दिसते, त्याला ते निराळे शिकवावे लागत नाही. हिंगण्याच्या मुलींना ते कळले होते. एखाद्या शाळेने दिवाळीच्या सुटीपूर्वी किल्ल्याबरोबर असा एक देश अंगणात करून पाहावा. खर्च काही नाही, माती लागते आणि चार दिवस.

काशीच्या मंदिरात दरवर्षी १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला संगमरवरातील समुद्रात पाणी भरतात आणि मैदानांवर फुले घालतात.